शंभर कशाचे?

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो हिशेबाचाही सण आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीला हळदकुंकू वाहायचे, पाडव्याला पहिली नोंद करायची आणि मागल्या वहीतली बाकी पुढे ओढायची, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. घरोघरीही याच दिवसांत कापडाचा, किराण्याचा आणि जमलेच तर गुंजभर सोन्याचा हिशेब मांडला जातो. या सगळ्या हिशेबात एक शब्द सारखा डोकावत असतो, तो म्हणजे ‘टक्का’. दुकानाच्या पाटीवर सुटीचा टक्का, सोनाराच्या पावतीवर घडणावळीचा टक्का, दूध संकलन केंद्रावर फॅटचा टक्का, बँकेत व्याजाचा टक्का, आणि सुटी लागण्यापूर्वी हाती पडलेल्या मुलांच्या गुणपत्रकावर गुणांचा टक्का!

हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की खरेपणासुद्धा आपण त्यानेच मोजतो. पूर्वीची माणसे ‘सोळा आणे खरे’ म्हणत. आता आपण ‘शंभर टक्के खरे’ म्हणतो. रुपयाचे आणे गेले आणि सत्याचेही आणे गेले. मात्र शब्द जितका ओळखीचा, तितका तो फसवाही असतो. टक्का हा एकटा कधीच पुरता बोलत नाही. ‘शेकडा तीन’ असे कोणी म्हटले, की शहाण्याने लगेच दोन प्रश्न विचारावेत. शंभर कशाचे? आणि किती मुदतीचे? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक होती तो तरला आणि ज्याला ठाऊक नव्हती तो बुडाला, असे आपल्या मुलखाच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे वाटू लागते. त्या इतिहासातील काही पाने येथे उलटून पाहावयाची आहेत.

पहिले पान कागदाचे नाही, दगडाचे आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते कोरविले आणि त्यात आपल्या दानाचा लेखही खोदविला. या गोष्टीला सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षे झाली. लेखाची भाषा प्राकृत आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधी न मोडावयाची ठेव ठेवली. ती ठेवली कोठे? गोवर्धन या गावी असलेल्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा दर शेकडा एक या दराने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा दर शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण मिळावेत, असे दात्याने ठरवून दिले.

आता हा हिशेब मुलांच्या पाटीवर मांडून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे दरमहा साडेसात, म्हणजे वर्षाचे ९०. तेही भिक्षूंच्या दुसऱ्या किरकोळ खर्चासाठी लावून दिलेले. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरीच्या व्यापाऱ्यांच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदविला असल्याचेही लेखात म्हटले आहे. शंभर कशाचे, मुदत किती, व्याज कोणाला, मुद्दलाचे काय, हे सारे उघडपणे सांगितलेला असा स्वच्छ कर्जरोखा आजही क्वचितच वाचावयास मिळेल.

या लेखातील दोन शब्द मराठी माणसाने विशेष जपावेत असे आहेत. व्याजासाठी तेथे ‘वढि’ असा शब्द आहे. तो म्हणजे संस्कृतातील ‘वृद्धि’ आणि आपली ‘वाढ’. आणि तीन-चतुर्थांशासाठी जो ‘पायुन’ शब्द आहे, तोच आपला ‘पाऊण’. आपल्या आजोबांनी शाळेत घोकलेली पाऊणकी किती दूरवरून चालत आली आहे, हे यावरून दिसते.

दरमहा शेकडा एक हा दर त्या काळी केवळ आपल्याकडेच होता असे नाही. रोमन लोकांतही व्याज महिन्यावारी आणि शंभराच्या हिशेबानेच मोजत, आणि महिन्याला शंभरावर एक, म्हणजे सालाचे बारा, हा तेथे वाजवी दर समजला जाई. इसवी सनापूर्वी ५१ मध्ये सिसेरो हा सिलिशिया प्रांताचा सुभेदार झाला, तेव्हा त्याने याहून अधिक व्याज मान्य करणार नाही असे जाहीर केले. त्याच सुमारास सायप्रसमधील सॅलॅमिस नगरीकडून कोणाचा तरी माणूस सालीना ४८ टक्के व्याज मागत होता. हे कर्ज वस्तुतः कोणाचे होते? ज्याला पुढे शेक्सपिअरने सज्जनपणाचा पुतळा करून रंगभूमीवर उभा केला, त्या ब्रूटसचे! सिसेरो संकोचात पडला आणि निकाल न देताच प्रांत सोडून गेला. व्याजाचा दर ठरविणे सोपे, पण ओळखीच्या माणसाविरुद्ध तो अमलात आणणे कठीण, हे सत्य तेव्हापासून बदललेले नाही. रोमशी व्यापार करणारे तगर, म्हणजे आजचे तेर, आमच्या कळंबपासून फार लांब नाही. तेथील उकरणीत जी रोमन वळणाची वस्तू सापडते, तिच्याबरोबर असा काही शेकड्याचा हिशेबही जहाजातून आला-गेला असेलच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजाची जी पायरी दिली आहे ती पाहण्यासारखी आहे. दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर, व्यापारात पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जसा धोका अधिक तसा दर अधिक, हे तत्त्व यात स्पष्ट आहे. यातला सव्वा हा आकडा कोठून आला असेल? शंभराला सव्वा म्हणजे ऐंशीला एक. मनुस्मृतीतही ऐंशीवा भागच सांगितला आहे. टक्क्याला अपूर्णांकाचे वावडे नाही. उलट अपूर्णांकाची अडचण टाळण्यासाठीच तो जन्माला आला.

हीच पाचाची व्यापारी चाल इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त उदाहरणांतून भेटते. शंभराचे महिन्याला पाच, तर सोळांचे वर्षाला किती, असे तेथे विचारले आहे. उत्तर नऊ पूर्णांक तीन-पंचमांश. आणखी एक उदाहरण याहून गमतीचे आहे. दरमहा शेकडा पाच दराने वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती? येथे घाईने हजाराचे साठ टक्के काढणारा विद्यार्थी फसतो. साठ टक्के हे मुद्दलाचे आहेत, हजाराचे नव्हेत. शंभराचे वर्षाअखेर एकशे साठ होतात. म्हणून हजारातले मुद्दल ६२५ आणि व्याज ३७५. ‘शंभर कशाचे?’ हा प्रश्न भास्कराचार्यांनी विद्यार्थ्याला असा न विचारताच विचारला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथे आहे. गणिताच्या अभ्यासासाठी दान देणारा समाज हा आपला वारसा आहे, हे विसरू नये.

गणिताच्या पाटीवरचा टक्का राजकारणाच्या पटावर आला तो चौथाई आणि सरदेशमुखीच्या रूपाने. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून दक्षिणेच्या सहा मोगली सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. या सहा सुभ्यांचा वसूल कागदोपत्री सुमारे अठरा कोटी रुपये धरला होता. चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस, साडेचार कोटी. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा, एक कोटी ऐंशी लाख. दोन्ही मिळून शेकडा पस्तीस.

मात्र ही चौथाई एका हातात पडत नसे. तिचे पुन्हा शंभर भाग कल्पिलेले असत. त्यातले पंचवीस भाग छत्रपतींची राजबाबती. सहा भाग सहोत्रा, तो पंत सचिवांकडे. तीन भाग नाडगौंडा, तो छत्रपती ज्याला देतील त्याला. आणि उरलेले सहासष्ट भाग ऐन मोकासा, तो फौज बाळगणाऱ्या सरदारांना. आता गावचा वसूल शंभर रुपये धरून पाहा. चौथाई पंचवीस रुपये. राजबाबती ही पंचविसांची पंचवीस टक्के, म्हणजे सव्वासहा रुपये. म्हणजेच गावच्या वसुलातील रुपयाला एक आणा. सहोत्रा दीड रुपया, नाडगौंडा बारा आणे आणि मोकासा साडेसोळा रुपये. राजाची पंचवीस आणि सरदाराची सहासष्ट हे आकडे ऐकून जो चित्र रंगवील, त्याने शंभराच्या आतले दुसरे शंभर लक्षात ठेवले पाहिजेत. राज्याचा मोठा वाटा सरदारांकडे गेला आणि मध्यवर्ती सत्तेकडे थोडा राहिला, याचा इतिहासकार जो विचार करतात त्याची मुळे या साध्या त्रैराशिकातही सापडतात.

आणि मूळचे शंभर तरी खरे होते काय? मागणी होती ती ‘तनखा’ या जुन्या ठरावाच्या आकड्यावर. लढायांनी आणि दुष्काळांनी उजाड झालेल्या मुलखात तेवढा वसूल प्रत्यक्षात होत नसे. कागदावरच्या शंभराचे पंचवीस मागावयाचे आणि हाती आलेल्या साठांतून ते द्यावयाचे, म्हणजे देणाऱ्याच्या दृष्टीने ते पंचवीस टक्के न राहता जवळजवळ बेचाळीस टक्के होतात. मागणाऱ्याला मात्र हिशेब कधीच अपुरा पडत नसे; त्याची बाकी सदैव येणेच असे. निजामाने हा हक्क मोडून काढण्याची खटपट केली, १७२८ साली पालखेडला त्याची कोंडी झाली आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याने तो पुन्हा मान्य केला. एका टक्क्यासाठी अशा लढाया होतात. मग भाऊबंदांत भांडणे झाली तर नवल काय!

आमचा हा मुलूख पुढे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिला. जुनी माणसे त्याला ‘मोगलाई’च म्हणत. मांजरेच्या काठच्या कळंबचा माणूस मोगलाईत, आणि शेजारची बार्शी इंग्रजी हद्दीत. बार्शीची पेठ मोठी. मोगलाईतला कापूस, गळिताचे धान्य तेथे विकावयास जाई. बार्शीत मिळे तो इंग्रजी ‘कलदार’ रुपया. इकडे चाले तो निजामाचा ‘हाली सिक्का’. उत्तरकाळी यांचा ठरलेला सरकारी भाव होता सहा कलदाराला सात हाली, म्हणजे शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली.

येथे टक्क्याची एक चमत्कारिक गंमत आहे. कलदार हालीपेक्षा शेकडा पावणेसतराच्या आसपास भारी. नेमके सांगावयाचे तर सोळा पूर्णांक दोन-तृतीयांश. मग हाली कलदारापेक्षा तितकाच हलका असावयास हवा, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. तो हलका शेकडा सव्वाचौदाच्या किंचित वर. कारण पहिल्या हिशेबात शंभर हालीचे आहेत आणि दुसऱ्यात कलदाराचे. समजा, कोणा शेतकऱ्याने बार्शीहून शंभर कलदार आणले आणि बट्ट्याचा धंदा करणाऱ्याने ‘हाली शेकडा चौदाने हलका’ असे खरेच बोलून, त्या शंभरावर सव्वाचौदा टाकून एकशे चौदा रुपये चार आणे त्याच्या हातावर ठेवले, तर बोलणे खरे असूनही शेतकऱ्याचे दोन रुपये सहा आणे आठ पै बुडाले. खोटे न बोलता लुबाडता येते, ते असे. पन्नासच्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला, पण हा धडा शिकवण्यासाठी तो अजूनही उपयोगी आहे. आज बाजारभाव वीस टक्क्यांनी पडून पुन्हा वीस टक्क्यांनी चढला, म्हणजे तो पूर्वीच्या जागी आला असे जे समजतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. शंभराचे ऐंशी झाले आणि ऐंशीचे शहाण्णवच झाले.

शेतकऱ्याचे खरे मरण मात्र बट्ट्यात नव्हते. ते व्याजात होते. शेकडा हा शब्द शिकल्यासवरल्यांचा. गावात भाषा चाले ती ‘रुपयाला पै’, ‘रुपयाला पैसा’, ‘रुपयाला आणा’ अशी. या तिघांत अंतर किती? रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. रुपयाला महिना एक पै म्हणजे सालीना शेकडा सव्वासहा. रुपयाला महिना एक पैसा, म्हणजे चौसष्टावा भाग, तर सालीना पावणेएकोणीस. आणि रुपयाला महिना एक आणा म्हणजे सालीना पंचाहत्तर! ‘एक आणा तर आहे’ म्हणून अंगठा उठविणाऱ्याला हे पंचाहत्तर दिसत नसत, कारण ते बारा महिन्यांत वाटलेले असत.

धान्याचा व्यवहार याहून कडक. त्याला नावच ‘वाढीदिढी’. नाशिकच्या लेण्यातली ती ‘वढि’ येथे पुन्हा भेटते, पण आता तिचा चेहरा पार बदललेला आहे. पेरणीला मणभर बी न्यायचे आणि सुगीला दीड मण घालायचे. सहा-सात महिन्यांत शेकडा पन्नास. एखादे साल पीक बुडाले, की दीड मणाचे पुढल्या सुगीला सव्वादोन मण. यात सावकाराची बाजू अगदीच नव्हती असे नाही. बी पेरणीला महाग असे आणि सुगीला स्वस्त, त्यामुळे पैशात मोजले तर त्याचा नफा पन्नासाहून कमी भरे. शिवाय बुडीत खाती असतच. पण मापात मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या कणगीतून जाई ते दीडपटच.

या वाढीला आपल्या धर्मशास्त्राने एक कुंपण घातले होते. ते म्हणजे दामदुपट. एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुद्दल शंभर तर एकूण वसुली दोनशेच्या वर नाही. महिना शेकडा तीन हा दर धरला, तर सरळ व्याजाने तेहतीस महिन्यांनंतर दामदुपटीची वेळ येते. चक्रवाढीने मात्र चोवीस महिन्यांतच. याचा एक सोपा ठोकताळा आहे. बहात्तराला दराने भागले, की चक्रवाढीने दुप्पट व्हावयास लागणारा काळ निघतो. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात तो नमूद केला आहे. मोठे मोठे कोष्टक नको. बहात्तर आणि एक भागाकार पुरतो.

इंग्रजी अमलात १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील जुन्या मर्यादा उठल्या. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुपट मानीत, पण कुळाने व्याजासह नवा रोखा लिहून दिला, की कालचे व्याज आजचे मुद्दल होई आणि कुंपण एकेक पाऊल पुढे सरके. शंभर कशाचे, हे विसरावयास लावण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुळे उठली. त्या दंग्यात लोकांना हवे होते ते धान्य किंवा दागिने नव्हेत. त्यांना हवे होते ते रोखे आणि खातेवह्या, आणि त्यांनी त्यांच्या होळ्या केल्या. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी हिशेबाला दिलेले ते उत्तर होते.

त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता न्यायाधीशाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये, असे त्यात होते. म्हणजे ‘शंभर कशाचे?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधीशाला दिला. हा कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांस लागू झाला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. म्हणून बार्शीच्या कुळाला तो मिळाला. शिवेपलीकडच्या कळंबच्या कुळाला तो नव्हता, कारण तो मोगलाईत. एकाच पावसावर पिकणाऱ्या दोन शेतांत एक रुपया दोन किमतींचा आणि एक टक्का दोन कायद्यांचा होता.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. याआधी शेकड्याचे आणे-पै करताना चांगल्या चांगल्या कारकुनांना घाम फुटे. आता रुपयातला एक पैसा म्हणजेच एक टक्का. शिकविणाऱ्यांना तर मोठीच सोय झाली. आजही वर्गात टक्का समजावताना रुपयाच हाती घ्यावा लागतो. फरक इतकाच, की मुलांनी पैसा हे नाणे पाहिलेले नसते.

त्या बदलाची एक खूण मराठवाड्याच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पूर्वीची ‘आणेवारी’ आता ‘पैसेवारी’ झाली. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर पीक. त्या मानाने यंदा किती आले, ते आण्यांत सांगावयाचे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी जो सत्याग्रह केला, त्याचा सारा वाद या आण्यांवरच होता. पीक चार आणे किंवा त्याखाली असले तर सारा तहकूब व्हावा, असा नियम. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, वर आहे. आज चार आण्यांच्या जागी पन्नास पैशांची रेघ आहे. पैसेवारी पन्नासच्या आत आली, की टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. साऱ्यात सूट, वसुलीला स्थगिती, मुलांचे परीक्षा शुल्क माफ. म्हणून डिसेंबरात अंतिम पैसेवारी जाहीर होते, तेव्हा गावोगाव ती गुणपत्रकासारखी वाचली जाते. एकोणपन्नास आणि एक्कावन यांत शेतात फरक दोन मुठींचा असेल. घरात तो पोरांच्या फीचा असतो.

येथेही प्रश्न तोच. शंभर पैसे कशाचे? गावासाठी जे सर्वसाधारण उत्पन्न धरले आहे, त्याचे. ते धरलेले उत्पन्न ज्या वर्षांचे, ती वर्षेच दुष्काळाची असली, तर शंभरच मुळात तोकडे होतात आणि यंदाचे वाईट पीकही साठ पैशांचे दिसू लागते. नैसर्गिक आपत्तीतील मदतीसाठी पिकाच्या हानीची अट पूर्वी पन्नास टक्के होती. २०१५ साली ती तेहतीसवर आणली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली आणि धाराशिव जिल्ह्यात शेते वाहून गेली, तेव्हा पंचनाम्याच्या कागदावर हेच तेहतीस लोकांच्या तोंडी होते. माती खरडून गेलेल्या शेताला टक्का कोणता लावावयाचा, हे मात्र कोणत्याच कोष्टकात नाही.

टक्क्याचे आजचे रूप अधिक गोंडस आहे, पण स्वभाव बदललेला नाही. ‘पन्नास टक्के सूट, वर आणखी वीस टक्के’ अशी पाटी दिसली, की घरातली मुले सत्तर म्हणतात. वीस टक्के हे उरलेल्या पन्नासांचे; म्हणून सूट साठ. सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेले, की ओलावा पाहतात. वीस टक्के ओलाव्याचे शंभर किलो सोयाबीन बारा टक्क्यांपर्यंत वाळविले, तर आठ किलो घट होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती नऊ किलोच्या वर होते, कारण दाण्यातला ऐंशी किलो ऐवज तोच राहतो आणि शंभरच नवे होतात. फटफटीचे कर्ज ‘सरसकट बारा टक्के’ म्हणून मिळते. बारा हजारांवर वर्षाचे १,४४० रुपये व्याज, महिन्याला १,१२० रुपये हप्ता. पण हप्त्यागणिक मुद्दल फिटत जाते, आणि वर्षभरात आपल्याकडे सरासरी राहतात साडेसहा हजारच. त्यावर १,४४० म्हणजे दर बावीसच्या घरात गेला. रोमन सुभेदाराला जे बारा मान्य होते, ते हे बारा नव्हेत.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्या गावांतच आहे. बायकांच्या बचत गटात महिना शेकडा दोन दराने कर्ज देतात. सालीना चोवीस, म्हणजे ऐकावयास तो बँकेपेक्षा जड. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडते आणि वर्षाअखेर त्यांच्याच नावे वाटले जाते. गोवर्धनच्या विणकरांनी उघड सभेत लिहून दिलेल्या व्यवहाराशी याचे काही नाते आहे. दर किती, यापेक्षा तो सर्वांना ठाऊक आहे काय आणि वाढ कोणाच्या घरी जाते, हे पाहावयाचे असते.

इतक्या शतकांचा हा हिशेब पाहिल्यावर एक गोष्ट मनावर ठसते. टक्क्याचे गणित अवघड कधीच नव्हते. ते त्रैराशिक आहे आणि चौथीतल्या मुलाला येते. अवघड आहे ते विचारणे. पेढीवर, बँकेच्या खिडकीपाशी, बाजार समितीच्या काट्यापुढे किंवा पंचनामा लिहिणाऱ्यासमोर मान वर करून ‘साहेब, हे शंभर कशाचे? आणि किती महिन्यांचे?’ एवढे विचारण्याचा संकोच आपल्या लोकांना फार महाग पडला आहे. सुपे येथील कुळांनी अखेरीस वह्याच जाळल्या. त्यांच्या पणतवंडांच्या हाती आता लेखणी आहे आणि वह्या वाचताही येतात. यंदा नव्या वहीची पूजा झाली, की तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’च्या खाली घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला घरातल्या एका कर्जाचे मुद्दल, दर आणि मुदत तेवढी लिहावयास सांगावी. तिन्ही रकाने भरता आले तर ठीक; एखादा रिकामा राहिला, तर तो भरून घेण्यासाठी पाडव्यानंतरचा पहिला कामाचा दिवस चांगला आहे.